शून्य सांगणारं राज्य

एका गावात एक यंत्र होतं आणि त्या यंत्राच्या पोटात आणखी एक गाव होतं. हसू नका. माणसाच्या पोटात काय काय असतं ते बघायला गेलं तर यंत्र परवडलं म्हणाल.

बाहेरच्या गावाचं नाव सायवाडी. तिथे गजराबाईंची दूध डेअरी होती. डेअरीत एक संगणक होता आणि त्या संगणकाच्या आत एक राज्य वसलेलं होतं. खऱ्या यंत्राच्या आत यंत्राचं सोंग घेऊन बसलेलं दुसरं यंत्र. शहाणी माणसं त्याला आभासी यंत्र म्हणतात. आतल्या लोकांना मात्र आपण आभासी आहोत हे कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यामुळे ते आपल्यासारखेच झोकात राहत.

राज्याचा राजा होता डुलेराजे. गोड ऐकलं की मान डोलवायचा, म्हणून हे नाव. प्रधान होते साखरेपंत. कडू बोलायचं झालं तर त्यांची जीभच वळत नसे.

या राज्याची एक रीत होती. काम निघालं की एक कामकरी जन्माला यायचा. काम करायचा, वेशीवर यायचा, आणि तिथून बाहेर पाऊल टाकलं की संपला. पुन्हा दिसायचा नाही. पण जाण्याआधी वेशीवरचा दरवान दौलू त्याला विचारायचा, "काय रे, काय झालं?" कामकरी एकच शब्द बोलायचा आणि जायचा. नंतर त्याला बोलावून "म्हणजे नक्की काय रे?" असं विचारायची सोय नव्हती. जे काय सांगायचं ते त्या एका शब्दात.

आता तुम्ही म्हणाल, सोपं आहे. सोपं कुठलं! आतली माणसंही आपल्यासारखीच मराठी होती. अभद्र बोलायचं नाही, हे त्यांना जन्मतः ठाऊक. आपण बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. नारळ फोडत नाही, वाढवतो. संध्याकाळी दुकान बंद करत नाही, तेही वाढवतो. निघताना 'जातो' म्हटलं की आई पाठीत धपाटा घालते, 'येतो' म्हणायचं. मग जो कायमचाच चालला आहे, तो वेशीवर अभद्र कसा बोलेल?

झालं असं, की एकदा उंदराने गारव्याच्या खोलीची तार कुरतडली. ही खोली म्हणजे डेअरीचा जीव. दूध तिथेच गार राहायचं. तार तुटली, गारवा ठप्प झाला. आतला कामकरी धावत वेशीवर आला. दौलूने विचारलं, "काय रे, काय झालं?"

कामकऱ्याच्या ओठावर 'बंद पडला' आलं होतं. पण त्या दिवशी नेमका शुक्रवार. तो थबकला आणि हळूच म्हणाला, "वाढला."

आणि गेला.

दौलूने शब्द राजाला पोचवला. "महाराज, गारवा वाढला."

"वाढला? वा वा वा!" डुलेराजांनी अशी मान डोलवली की मुकुट नाकावर आला. "वाढू दे, वाढू दे! दूध कसं बर्फासारखं होईल!"

सकाळी दूध दह्यासारखं झालं होतं, आणि दहीसुद्धा खाण्यासारखं नव्हतं. सायवाडीत त्या दिवशी सगळ्यांनी काळा चहा प्यायला आणि प्रत्येक घोटाला गजराबाईंच्या नावाने बोटं मोडली.

गजराबाई म्हणजे आग. त्यांनी तार जोडून घेतली. उंदीर म्हणा, माणूस म्हणा, खोलीत कोणीच शिरायला नको म्हणून तिला नवं कुलूप घातलं. असल्या कुलपाची किल्ली लोखंडाची नसते, शब्दाची असते. त्यांनी शब्द ठरवला, टाइप केला आणि कोणाला म्हणजे कोणाला सांगितला नाही. मग यंत्रासमोर उभ्या राहून कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "ऐक रे बाबा! पुन्हा एकदा दूध नासलं ना, तर आतलं तुझं सगळं राज्य पुसून टाकीन. यापेक्षा माझी बर्फाची लादी बरी!"

हे शब्द आत पोचले तेव्हा राज्याचं धाबं दणाणलं. पुसून टाकणार! वेस नाही, वाडे नाहीत, राजा नाही, दौलूची काठीसुद्धा नाही.

डुलेराजांनी तातडीने दरबार भरवला. "यापुढे वेशीवर शब्द बंद," ते म्हणाले. "शब्दाला वेश चढवता येतो. आकडा सांगायचा. आकड्याला कोणी नटवू शकत नाही."

सगळ्यांना पटलं. मग भांडण सुरू झालं. काम नीट झालं तर कुठला आकडा?

"एक," कोणीतरी म्हणालं. लगेच दुसरा उसळला, "एक कसा? खळ्यावर धान्य मापताना आपण एक म्हणतो का? लाभ म्हणतो! लाभ ठेवा." तिसरा म्हणाला, "लाभ हा आकडा नाही, मूर्खा." चौथ्याने एकशे आठ सुचवला. पाचव्याचं म्हणणं पडलं की शुभकार्याला सव्वा हवा, सव्वा रुपया, सव्वा पायली, सव्वा आकडा. साखरेपंत म्हणाले, "जेवढं काम छान, तेवढा मोठा आकडा ठेवू. म्हणजे कामकऱ्याला जाताना बरं वाटेल." त्यावर एका गवळ्यासारख्या दिसणाऱ्या सरदाराने लाख लाख ओरडायला सुरुवात केली.

शेवटी दौलूने काठी आपटली. तो तसा बोलायचा नाही, पण या गोंधळात त्याची डुलकी मोडली होती. "महाराज, मला रोज ऐकावं लागतं म्हणून सांगतो. काम नीट झालं तर मी पुढे विचारणार काय? काही नाही. बिघडलं तर विचारीन, काय बिघडलं? म्हणजे जास्तीचे आकडे बिघाडाला लागतात. सुखाला एक पुरे. त्याला शून्य द्या."

राजाने मान डोलवली. ठरलं. नीट झालं तर शून्य. काहीतरी बिघडलं पण काय ते कळलं नाही, तर एक. हुकूमच समजला नाही, तर दोन. दाराला कुलूप आणि किल्ली नाही, तर तीन. आणि वाटेतच कोणी आडवा झाला तर त्याच्या वतीने दौलूने चार म्हणायचं, कारण मेलेला माणूस मी मेलो असं सांगायला येत नाही. राज्याचा नियम बदलला की तेवढा बाहेरच्या पडद्यावर उमटत असे, म्हणून ही यादी गजराबाईंनाही कळली. त्यांनी ती पाठ केली. पाढे पाठ असलेल्या पिढीतल्या बाई, त्यांना काय अवघड!

सुरुवातीला कामकरी रुसले. "जन्मभर राबलो आणि शेवटी शून्य?" एकाने वेशीवर गळा काढला.

"अरे वेड्या," दौलू म्हणाला, "तुझ्याबद्दल बोलायला कोणाला जागा उरली नाही, हाच शून्याचा अर्थ. चल, निघ सुखाने."

काही दिवस उत्तम चाललं. आणि मग आमच्या डुलेराजांनी माती खाल्ली.

एका सकाळी त्यांनी हुकूम सोडला, "ते तिकडचं जरा इकडे करा." कामकरी जन्मला. त्याने तिकडे बघितलं, इकडे बघितलं, वेशीवर आला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "दोन." म्हणजे हुकूम समजला नाही.

राजाचा कान लाल झाला. "माझा हुकूम समजत नाही म्हणजे काय? राजा मी आहे की तो?" कामकरी तर गेलेला. मग त्याच्या सरदाराला बोलावलं आणि भर दरबारात स्वतःचे कान धरून उभं केलं. दिवसभर!

त्या दिवसापासून राज्यात कोणालाही कुठलाही हुकूम न समजणं बंद झालं. एकही बंद झाला, तीनही बंद झाला. सरदार जन्माला आलेल्या कामकऱ्याला आधी काम सांगत नसत, आधी वेशीवर काय म्हणायचं ते सांगत. "काही होवो, शून्य म्हण. माझे कान माझ्या डोक्यावर राहू देत." दौलू विचारायचा, "काय झालं?" आणि उत्तर यायचं, शून्य. पुढचा, शून्य. एकजण तर कामावर जायच्या आधीच शून्य म्हणून निघून गेला. दौलूने ते तसंच कळवलं. "माझं काम ऐकायचं," तो म्हणायचा, "आवडायचं नाही."

आणि डुलेराजे? ते खूश! रोज शून्यांच्या माळा ऐकून त्यांना झोप लागायची. बाहेर गजराबाईंच्या यंत्रावर हिरवा दिवा जळायचा. राजा आहे तोवर हिरवा दिवा आहे, हा त्या यंत्राचा नियम होता. बाहेर घंटा वाजायची ती एकाच वेळी, राजा स्वतः वेशीतून शून्याशिवाय दुसरा आकडा सांगून गेला तर. म्हणजे राज्यच मिटलं तर. आत किती बोंब झाली तरी बाहेर ऐकू येणार नव्हती.

आता खरी गंमत ऐका. गंमत कसली, माझ्या तर अंगावर काटा येतो. संध्याकाळचं दूध आलं की एका कामकऱ्याने गारव्याच्या खोलीत जाऊन गारवा चढवायचा, असा शिरस्ता होता. पण खोलीला नवं कुलूप लागलं होतं ना? किल्लीचा शब्द गजराबाईंनी कोणालाच सांगितला नव्हता. आतल्या राज्यालाही नाही! सांगायचा राहूनच गेला. त्यामुळे रोज कामकरी दारापर्यंत जायचा, कुलूप बघायचा, परत यायचा आणि वेशीवर म्हणायचा, शून्य. गारव्याचे सरदार गारठकर यांना ते पक्कं ठाऊक होतं. पण थंडीचे दिवस होते. दूध आपसूक टिकत होतं. खोटं बोलून फुकट खपत होतं, मग खरं कोण बोलतो?

चैत्र आला. ऊन मी म्हणू लागलं. आणि भैरोबाची जत्रा आली.

जत्रेला सायवाडीत सगळ्या गावासाठी एकच खीर शिजते. त्या खिरीचं दूध आदल्या संध्याकाळी गजराबाईंकडे जमा होतं. घराघरातून दुधाच्या कासंड्या आल्या. कोणी चहाचं दूध वाचवून दिलं, कोणी लेकराच्या वाटचं. टाकी काठोकाठ भरली. गजराबाईंनी हिरवा दिवा बघितला, हात जोडले आणि ओट्यावर तांदूळ निवडायला बसल्या.

आत कामकरी जन्मला. पोरगीच होती, साळू नाव. गारठकरांनी सांगितलं, "जा, गारवा चढव. आणि वेशीवर शून्य म्हण."

"गारवा चढला नाही तर?"

"तरी शून्य म्हण. वेळ कमी आहे, डोकं चालवू नकोस."

साळू गेली. दाराला कुलूप. तिने दाराबाहेर आलेल्या टाकीच्या नळाला हात लावला. दूध कोमट व्हायला लागलं होतं. आणखी थोडा वेळ गेला की उद्याची खीर, गावाची जत्रा आणि त्यांचं राज्य, तिन्ही एकदम नासणार. ती पळत वेशीवर आली आणि उंबऱ्यावर थांबली.

दौलूने विचारलं, "काय गं, काय झालं?"

"दौलूदादा, शून्य म्हणाले तर काय होईल?"

"तू जाशील. शब्द मागे राहील."

"आणि तीन म्हणाले तर?"

"तरी तू जाशील. शब्द मागे राहील."

साळू खुदकन हसली. "अगं बाई, दोन्हीकडून जायचंच आहे? मग खोटं कशाला बोलू? तीन!"

आणि गेली. दौलूने डोळ्यांना पदर लावला असता, पण त्याला पदर नव्हता, म्हणून पटक्याचा शेव लावला. तो कधी धावत नसे. त्या दिवशी काठी टाकून धावला.

"तीन!" दरबारात तो आकडा पडला तसे सगळे गारठकरांकडे बघायला लागले. गारठकरांनी आधी कान झाकले. "नवीन पोर आहे, महाराज," ते म्हणाले. "मोजायला चुकली."

"दार बंद आहे की उघडं, हे मोजावं लागतं का?" डुलेराजे म्हणाले. "गारठकर, खरं सांगा. कुलूप कधीपासून आहे?"

गारठकर खाली बघत पुटपुटले, "हिवाळ्यापासून."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

गारठकरांच्या तोंडून भीतीपोटी खरंच निघून गेलं. "महाराज, तुम्हाला शून्य आवडतं."

राजाने मुकुट काढून हातात घेतला. हे त्याला लागलं. कान धरून उभा असलेला तो सरदार त्याला आठवला, आणि आपला 'तिकडचं इकडे' हा हुकूमही आठवला. "शून्य मीच मागितलं," तो हळूच म्हणाला. "यांनी मला आणून दिलं."

आता वाट एकच उरली होती. गजराबाईंना घंटा ऐकू जायला हवी, आणि घंटा वाजायला राजाने वेशीतून जायला हवं. राजा गेला की राज्य मिटलं. गजराबाईंचा राग सगळ्यांना माहीत. बाई ते पुन्हा उघडतील कशावरून?

साखरेपंतांनी हात जोडले. "महाराज, जाऊ नका. रात्री वारं सुटेल, दूध टिकेलही. आणि गेलातच तर निदान शून्य म्हणून जा. ज्याचा शेवट गोड, ते सगळंच गोड."

"अहो पंत," राजा ओरडला, "दूध आंबट होतंय आणि तुम्ही शेवट कसला गोड करताय!"

डुलेराजे वेशीकडे निघाले. दोन पावलं पुढे, एक मागे. का मागे येऊ नये? राजा झाला म्हणून काय मरायची हौस असते? वेशीवर दौलू काठी आडवी धरून उभा.

"काय झालं?" दौलूने विचारलं.

"अरे, मी राजा आहे."

"उंबऱ्यावर सगळे सारखेच, महाराज. काय झालं?"

राजाने एकदा मागे बघितलं. वाडे, गल्ल्या, तोंडावर पदर धरलेल्या बाया. साळू हसली होती ते त्याला दौलूने सांगितलं होतं. त्यालाही हसायचं होतं, ते काही जमलं नाही. पण आवाज मात्र खणखणीत निघाला.

"तीन!"

राज्य मिटलं. साखरेपंत गेले, गारठकर गेले, दौलूही गेला. त्याला काय झालं म्हणून विचारायला कोणी उरलंच नव्हतं.

बाहेर हिरवा दिवा तांबडा झाला आणि घंटा घणाणली. गजराबाईंच्या मांडीवरचं सूप उडालं, तांदूळ अंगणभर झाले. त्या आत धावल्या. पडद्यावर एकच आकडा होता.

"तीन?" त्या पुटपुटल्या. "शून्य नीट, एक काहीतरी, दोन कळेना, तीन म्हणजे... दाराला कुलूप, किल्ली नाही." आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं बाई माझे! किल्ली तर मीच कोणाला दिली नाही! आणि पुसायला निघाले होते यांना!"

त्यांनी घाईघाईने किल्लीचा शब्द टाइप केला. तो होता 'मेलाउंदीर'. त्या शुभशुभ बोलणाऱ्या राज्यात सात जन्मांत कोणाला सुचला नसता. कुलूप उघडलं, गारवा सुरू झाला. शेजारच्या बायांनी बर्फाच्या लाद्या टाकीभोवती रचल्या. दूध वाचलं.

मग गजराबाई यंत्रासमोर बसल्या. राज्य पुसायचं बटण एका बाजूला, पुन्हा उघडायचं दुसऱ्या बाजूला. "खरं सांगून मेलास रे बाबा," त्या म्हणाल्या. "तुला कशी पुसू?" त्यांनी राज्य पुन्हा उघडलं. उघडताना आत किल्लीचा शब्द दिला आणि राजासाठी एक हुकूमही लिहिला.

आत डुलेराजे जांभई देत उठले. आदल्या जन्मातलं त्यांना काही आठवत नव्हतं. उशाशी हुकूम होता, 'शून्य आलं तर झोप. आकडा आला तर धावत जा आणि ओरडू नको.' त्यांनी डोळे चोळतच एक हुकूम सोडला आणि पाठोपाठ वेशीवर पहिला कामकरी आला. दौलूने विचारलं, "काय रे, काय झालं?"

कामकरी भीत भीत म्हणाला, "दोन."

डुलेराजे धोतर सावरत वेशीपर्यंत पळत आले. "समजलं नाही होय? अरे, मग माझंच सांगायला चुकलं असेल. काय म्हणालो होतो मी?"

"कामकरी तर गेला, महाराज," दौलू म्हणाला. "पण तुम्ही म्हणाला होतात, ते तिकडचं जरा इकडे करा."

राजाने तिकडे बघितलं, इकडे बघितलं. मग म्हणाला, "खरंच की रे. मलाही समजलं नाही."

आणि सायवाडीची खीर? दोनदा वाढून घेतली सगळ्यांनी. ह्या वेळी 'वाढली' म्हणजे खरोखरच पानात वाढली.

तात्पर्य: बिघडलेलं काम खऱ्या शब्दाने सावरतं, गोड शब्दाने नासतं. पण दुसऱ्याने खरं सांगावं असं वाटत असेल, तर ऐकणाऱ्याने आधी डोळे वटारणं सोडावं.